पीएसपीसाठी व्हिडिओ रूपांतर : 'अनसपोर्टेड डेटा' येतो कुठून?

बिटरेटराव

पीएसपीवर (सोनीच्या 'प्लेस्टेशन पोर्टेबल' या हातातल्या गेम-यंत्रावर) व्हिडिओ चालत नाही असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : 'एमपी४ करून टाका.' विचारणाऱ्याची फाइल बहुतेक वेळा आधीपासून एमपी४च असते, त्यामुळे तो आणखी गोंधळतो. एमपी४ हा नुसता डबा आहे. आत कोणता कोडेक (चित्र-आवाज दाबण्याची पद्धत), कोणत्या प्रोफाइलचा (त्या पद्धतीतला सुविधांचा संच), किती रेफरन्स फ्रेमचा (एक फ्रेम उलगडताना ज्यांचा आधार घेतात त्या इतर फ्रेम), हे पाहून पीएसपी फाइल घेतो किंवा नाकारतो. आणि नाकारताना नुसतं 'अनसपोर्टेड डेटा' म्हणतो, कारण सांगत नाही. म्हणून हा धागा.

यंत्राला काय लागतं ते आधी :

पडदा ४८०×२७२. व्हिडिओ एच.२६४, मेन प्रोफाइल, लेव्हल ३. रंग ८ बिट, ४:२:०. फ्रेम रेट २९.९७ पर्यंत; २३.९७६ आणि २५ बिनधास्त चालतात. ऑडिओ एएसी-एलसी, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, १२८ केबीपीएस.

मेन प्रोफाइलमधली ४८०×२७२, ३५२×४८० आणि ७२०×४८० ही मापं मेमरी स्टिकवरून चालायला लागली ती २००७ साली, फर्मवेअर ३.३० पासून. त्याआधी मर्यादा ७६,८०० पिक्सेलची, म्हणजे ३२०×२४०. शेवटचं अधिकृत फर्मवेअर ६.६१ आहे. यंत्र जुन्या फर्मवेअरवर असेल तर आधी ते बघा, नाहीतर खालचं सगळं वाया.

७२०×४८० चालतं म्हणून तेच करायचं, असं करू नका. पडदा ४८० पिक्सेल रुंद आहे. जास्तीचे पिक्सेल यंत्र पुन्हा लहान करतं आणि कार्डावर जागा फुकट जाते. पीएसपी-२००० किंवा ३००० टीव्हीला जोडून बघणार असाल तरच त्याचा उपयोग.

टिचकी

वाचनखूण साठवली. एक शंका. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी पीएसपीचा प्रीसेट (तयार सेटिंग) असायचा, आता दिसत नाही. जनरल प्रीसेट घेऊन माप ४८०×२७२ केलं, प्रोफाइल मेन, लेव्हल ३.० निवडलं. तरी काही फाइल चालतात, काही नाही. प्रोफाइल-लेव्हल दोन्ही बरोबर असताना असं का?

बिटरेटराव

टिचकी, नेमकी इथेच मेख आहे. लेव्हल ३ लिहिलं की पीएसपीच्या सगळ्या मर्यादा पाळल्या, असं होत नाही.

हिशेब करून बघा. एच.२६४ मध्ये चित्र १६×१६ च्या मॅक्रोब्लॉकमध्ये कापलं जातं. ४८०×२७२ म्हणजे ३० गुणिले १७, एकूण ५१० ब्लॉक. लेव्हल ३ मध्ये रेफरन्स फ्रेमच्या साठ्याला ८,१०० ब्लॉकची मुभा आहे. ८,१०० भागिले ५१० म्हणजे १५ फ्रेम. थोडक्यात १५ रेफरन्स फ्रेम वापरलेली फाइलही नियमाप्रमाणे 'मेन, लेव्हल ३'च ठरते. एन्कोडर खोटं बोलत नाही. पण पीएसपी ३ च्या वर जात नाही.

आता एक्स२६४ चे, म्हणजे हँडब्रेक वापरतं त्या एच.२६४ एन्कोडरचे, प्रीसेट बघा. 'मीडियम'मध्ये रेफरन्स ३, 'स्लो'मध्ये ५, 'स्लोअर'मध्ये ८, 'व्हेरीस्लो'मध्ये १६. त्यावर 'ॲनिमेशन' ट्यून लावलं तर हा आकडा दुप्पट होतो. दर्जा चांगला मिळावा म्हणून स्लायडर हळूकडे सरकवला की फाइल बाद, असा तो प्रकार. तुमच्या काही फाइल चालल्या आणि काही नाही, त्याचं बहुधा हेच कारण.

हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये खाली जादा पर्यायांची चौकट असते. तिथे तीन गोष्टी हाताने लिहा : 'रेफ' बरोबर ३, 'बी-पिरॅमिड' बरोबर 'नन', 'वेटपी' बरोबर ०. मध्ये विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन. यातलं बी-पिरॅमिड विसरू नका. 'मीडियम'मध्येही ते आपोआप चालू असतं, म्हणजे रेफरन्स ३ असूनही फाइल अडू शकते. हे तिन्ही हाताने दिले की प्रीसेट कितीही हळू ठेवा, हरकत नाही.

अडगळ

बिटरेटरावांशी सहमत. भर घालतो.

हँडब्रेकचा एमपी४ व्हिडिओच्या बाजूने ठीक असला तरी डब्यावरचा शिक्का सर्वसाधारण एमपी४ चा असतो. सोनीच्या फाइलीत सुरुवातीच्या भागात 'एमएसएनव्ही' हा ब्रँड आणि प्रोफाइल सांगणारे खास बॉक्स असतात. एफएफएमपेगमध्ये (आज्ञा लिहून चालवायचा रूपांतराचा प्रोग्रॅम) यासाठी 'पीएसपी' नावाचा वेगळा आउटपुट फॉरमॅट आहे आणि तो हे सगळं स्वतः लिहितो. फक्त तो नाव घेऊन सांगावा लागतो ('एफ' हा पर्याय). फाइलच्या नावाला एमपी४ शेपूट लावलं की एफएफएमपेग साधाच एमपी४ बनवतो, ही पहिली चूक.

म्हणजे हँडब्रेकची सवय असेल तर ती मोडायची गरज नाही. एन्कोड तिथे करा, मग ती फाइल एफएफएमपेगमधून 'कॉपी' कोडेक आणि 'पीएसपी' फॉरमॅट देऊन एकदा काढून घ्या. पुन्हा एन्कोड होत नाही, दर्जा जात नाही, काम काही सेकंदांचं.

दुसरी चूक इथेच होते. हा फॉरमॅट हट्टी आहे : एक व्हिडिओ आणि एक ऑडिओ, बस्स. तिसरा कोणताही प्रवाह सापडला की 'पीएसपी मोड नीड वन व्हिडिओ अँड वन ऑडिओ स्ट्रीम' असा निरोप देऊन थांबतो. सबटायटलचा ट्रॅक, दुसऱ्या भाषेचा आवाज, कव्हरचं चित्र (तेही व्हिडिओ म्हणूनच मोजलं जातं), हँडब्रेकने टाकलेला चॅप्टरचा मजकूर, यातलं काहीही पुरतं. 'मॅप' पर्यायाने आधी पहिला व्हिडिओ, मग हवा तो ऑडिओ, असे दोनच निवडा. 'सगळं घे' असा मॅप देऊ नका.

पाचरबंद

अडगळ, मूळ क्लिपला आवाजच नसेल तर? स्क्रीन रेकॉर्डिंगला बऱ्याचदा नसतो.

अडगळ

तर शांततेचा ट्रॅक बनवून द्यायचा. एफएफएमपेगमध्ये 'एनलएसआरसी' हा ऑडिओ स्रोत आहे (सुरुवातीचा 'ए' म्हणजे ऑडिओ). दुसरं इनपुट म्हणून तो स्टिरिओ आणि ४८,००० वर द्या, आणि 'शॉर्टेस्ट' पर्याय जोडा. तो शेवटचा पर्याय राहिला तर शांतता अनंत काळ चालते आणि फाइल फुगत राहते.

चौथा_कोपरा

चित्राच्या मापाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. धाग्यात पुढे 'माणसं बारीक का दिसतात' हा प्रश्न येणारच आहे.

४८०×२७२ हे तंतोतंत १६:९ नाही. १६:९ ला उंची २७० हवी. २७२ घेतलंय कारण ते १६ ने भागलं जातं. दोन पिक्सेलचा फरक डोळ्याला कळत नाही, त्यामुळे १६:९ चा स्रोत सरळ ४८०×२७२ वर ताणला तरी चालेल. बाकी प्रमाणांना मात्र ताणू नका. २.४०:१ चा सिनेमा ४८०×२०० होतो, वरखाली ३६-३६ पिक्सेल काळी पट्टी. ४:३ चं जुनं चित्र ३६२×२७२, दोन्ही बाजूंना ५९. फाइलचं अंतिम माप नेहमी ४८०×२७२ च ठेवायचं, पट्ट्या आत भरून. ४८०×२०० ची फाइल तशीच देऊन नशिबावर सोडू नका.

एफएफएमपेगमध्ये यासाठी 'स्केल' आणि 'पॅड' हे दोन फिल्टर. स्केलला ४८०×२७२ देऊन 'मूळ प्रमाण राखून कमी कर' हा पर्याय ('फोर्स ओरिजिनल ॲस्पेक्ट रेशो' बरोबर 'डिक्रीज'), मग पॅडने मधोमध बसवायचं, शेवटी पिक्सेलचं प्रमाण १ करायचं.

गंमत अशी की हा 'प्रमाण राखणारा' पर्याय फक्त पिक्सेल मोजतो, पिक्सेलचा आकार बघत नाही. डीव्हीडीतून काढलेली ७२०×५७६ ची फाइल १६:९ दिसायची असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. या पर्यायाच्या दृष्टीने ती ५:४ ची आहे. परिणाम : दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या आणि मध्ये काटकुळी माणसं. उपाय, त्याच्या आधी आणखी एक स्केल : रुंदी गुणिले 'एसएआर' (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण), उंची आहे तशी. चौरस पिक्सेलच्या फाइलला हा टप्पा काहीच करत नाही, म्हणून तो कायमचा लिहून ठेवला तरी बिघडत नाही.

डीव्हीडी किंवा टीव्हीवरून घेतलेलं चित्र इंटरलेस्ड (आळीपाळीच्या ओळींची दोन फील्ड मिळून एक फ्रेम) असेल तर डीइंटरलेस स्केलच्या आधी. आधी लहान केलंत तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात आणि मग ते कंगव्यासारखे दाते काढायला काही उरत नाही.

टिचकी

चौथा_कोपरा, धन्यवाद. दोन्ही बाजूंची पट्टी झूम करून घालवता येईल ना, यंत्रावरच?

चौथा_कोपरा

फाइलमध्येच भरलेली पट्टी नाही जाणार, यंत्राच्या दृष्टीने ते पूर्ण ४८०×२७२ चंच चित्र असतं. पट्टी न भरलेली ४:३ ची फाइल असेल तर येईल. व्हिडिओ चालू असताना त्रिकोणाचं बटण दाबलं की कंट्रोल पॅनेल उघडतो, त्यात स्क्रीन मोड आहे : ओरिजिनल, नॉर्मल, झूम, फुल स्क्रीन. पण झूम वरखालचं कापतो आणि सबटायटल छापलेली असतील तर ती पहिली जातात. फुल स्क्रीन ताणतो. मुळात प्रमाण नीट बसवलं असेल तर याकडे वळायची वेळ येत नाही.

रेघोटी

सबटायटलचा विषय निघालाच आहे तर. एमपी४ मधला सबटायटल ट्रॅक पीएसपीचा प्लेअर दाखवत नाही आणि वर अडगळ म्हणाले तसं तो ट्रॅक ठेवताही येत नाही. म्हणून चित्रावरच छापायची. मराठी सबटायटलला काही वेगळ्या खोड्या आहेत.

१. एसआरटी (सबटायटलच्या मजकुराची फाइल) यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्येच हवी. दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये असेल तर आधी टेक्स्ट एडिटरमध्ये बदलून सेव्ह करा.

२. फॉन्ट नाव घेऊन द्या. एफएफएमपेग एसआरटीला आपोआप एरियल लावतो, त्यात देवनागरी नाही. मग पर्यायी फॉन्ट कुठला उचलला जाईल ते त्या संगणकावर अवलंबून. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित 'फोर्स स्टाइल'मध्ये लिहा.

३. जोडाक्षरं फुटत असतील, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल, तर फॉन्टला दोष देऊ नका. सबटायटल चित्रावर उमटवणारी 'लिबॅस' लायब्ररी अक्षरं जोडणाऱ्या 'हार्फबझ'शिवाय बनवलेली असते तेव्हा असं होतं. एफएफएमपेगची दुसरी, नवी बिल्ड घ्या.

४. अक्षराचा आकार. एसआरटीसाठी एफएफएमपेग पडद्याची उंची २८८ धरतो आणि अक्षर १६ चं. २७२ च्या पडद्यावर ते जेमतेम १५ पिक्सेल होतं. इंग्रजी वाचता येईल, पण 'ष्ट्य' किंवा 'र्द्र' सारखं काही आलं की नुसता ठिपका. २१-२२ ठेवा, आणि लांब ओळी एसआरटीतच दोनमध्ये तोडा.

५. फिल्टरचा क्रम : स्केल, पॅड, मग सबटायटल. मोठ्या चित्रावर आधी छापून मग लहान केलं की कडा विरतात. शिवाय पॅडनंतर छापलं तर २.४० च्या सिनेमात ओळी खालच्या काळ्या पट्टीत बसतात आणि चित्र मोकळं राहतं. ३६ पिक्सेलमध्ये २२ ची एक ओळ आरामात मावते; दोन ओळी चित्रात शिरणारच.

विंडोजवाल्यांसाठी : सबटायटल फिल्टरमध्ये ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पाथ दिला की त्यातला कोलन फिल्टरला पर्यायांमधलं विभाजक वाटतो आणि फाइल सापडत नाही. त्या फोल्डरमध्ये जाऊन नुसतं फाइलनाव द्या.

पाचरबंद

रेघोटी, क्रमांक ५ साठी मनापासून +१. एकच जोड : आधी मिनिटभराचा तुकडा काढून बघायची पद्धत चांगली, पण सुरुवातीची वेळ सांगणारा पर्याय इनपुटच्या *आधी* लिहिला तर घड्याळ शून्यावर येतं आणि सबटायटल सिनेमाच्या सुरुवातीची छापली जातात. लोक मग एसआरटी मागेपुढे सरकवत बसतात. तो पर्याय इनपुटच्या नंतर लिहा. हळू चालतं, पण बरोबर येतं. तुकडा निवडताना एक अंधारा प्रसंग आणि एक धावपळीचा, असे दोन्ही येतील असा निवडा.

मंद्रसप्तक

आता आवाज. पीएसपीचे स्पीकर क्षीण आहेत आणि ५.१ चा आवाज दोनवर आणला की संवाद पुटपुटल्यासारखे होतात, कारण संवाद असतात मधल्या चॅनेलमध्ये आणि मिसळताना तो तीन डेसिबलने खाली येतो. वर कापाकापी होऊ नये म्हणून सगळाच आवाज आणखी खाली ओढला जातो.

दोन रस्ते. 'पॅन' फिल्टरने मिश्रण हाताने करा : मधला पूर्ण १, पुढचा डावा-उजवा ०.६ च्या आसपास, मागचे ०.३. बेरीज १ च्या वर जाते, म्हणून शेवटी लिमिटर लावा. किंवा आवाजाची पातळी सारखी करणारा 'लाउडनॉर्म' फिल्टर लावून मोकळे व्हा.

लाउडनॉर्मची मात्र एक खोड लक्षात ठेवा. तो आत काम करताना नमुना-दर १९२ किलोहर्ट्झवर नेतो आणि तसाच बाहेर सोडतो. पुढे काही सांगितलं नसेल तर एएसी एन्कोडर त्याला झेपेल तो सर्वांत वरचा दर घेतो, ९६ किलोहर्ट्झ. संगणकावर फाइल झकास वाजते, पीएसपीवर 'अनसपोर्टेड डेटा'. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये चूक शोधून काही सापडणार नाही. ऑडिओचा दर ४८,००० असा नेहमी स्पष्ट लिहा, फिल्टर असो वा नसो.

एचई-एएसी टाळा. कमी बिटरेटला चांगला म्हणून काही प्रोग्रॅम तो आपोआप निवडतात. इथे एलसीच.

अनुस्वार

बिटरेट किती ठेवायचा यावर एक आकडा मिळेल का? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बिटरेटराव

एवढ्या लहान पडद्याला सीआरएफ (एक्स२६४ मध्ये दर्जा ठरवणारा आकडा, कमी तितका चांगला) २० ते २२ पुष्कळ झालं. ठरलेल्या आकारात बसवायचं असेल तर व्हिडिओ ७०० अधिक ऑडिओ १२८, एकूण ८२८ केबीपीएस धरा. दोन तासांचे ७,२०० सेकंद; गुणाकार करून ८ ने भागलं की साधारण ७४५ एमबी. दीड तासाला ५६० च्या आत. कार्टूनला ५०० मध्येही भागतं. पाऊस, गर्दी, धूर, जुन्या फिल्मचे दाणे असलं काही असेल तर ९०० द्या.

सीआरएफ वापरताना कमाल दराला लगाम घाला : मॅक्सरेट २,००० आणि बफर तेवढाच. आणि कीफ्रेमचं (इतर फ्रेमच्या आधाराशिवाय उलगडणाऱ्या पूर्ण फ्रेमचं) अंतर. एक्स२६४ ते २५० फ्रेमपर्यंत जाऊ देतो, म्हणजे २३.९७६ ला दहा सेकंदांहून जास्त. पुढेमागे करताना चित्र मोठ्या उड्या मारतं. ६० ठेवलं की बरं वाटतं. फाइल थोडी वाढते.

अडगळ

कार्डाकडे कुणी बघत नाही आणि मग एन्कोडरला बोल लावतात. फटाफट :

'व्हिडिओ' फोल्डर कार्डाच्या मुळाशी हवा, रोमन मोठ्या अक्षरांत. 'पीएसपी' फोल्डरच्या आत टाकलेल्या फाइल यादीत येत नाहीत. आत एक पातळी सबफोल्डर चालतो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा.

मायक्रोएसडीचं ॲडॉप्टर वापरत असाल तर ६४ जीबी आणि वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, ते पीएसपीला वाचता येत नाही. यंत्रातच फॉरमॅट करा. फॅट३२ मुळे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा, पण वरच्या हिशेबाने तिथवर कुणी जात नाही.

मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक फाइलशेजारी टिंब-अधोरेखाने सुरू होणारी चिमुकली जोडफाइल तयार होते. यादीत ती खराब डेटा म्हणून दिसते आणि खरी फाइल शेजारीच धडधाकट असते. 'डॉट क्लीन' चालवा, जातात.

चित्र हवं असेल तर १६०×१२० चं जेपेग, व्हिडिओचंच नाव आणि 'टीएचएम' शेपूट.

अनुस्वार

सगळं वाचून एक फाइल तपासली. मीडियाइन्फो (फाइलचा तपशील दाखवणारा प्रोग्रॅम) असं सांगतो : कंटेनर एमपी४, व्हिडिओ हाय १०, लेव्हल ४.१, १९२०×८०४, रेफरन्स ४, फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल', ऑडिओ एसी३ ६ चॅनेल आणि एएसी २ चॅनेल, सबटायटल दोन. यात काय काय करावं लागेल?

बिटरेटराव

नुसतं रिमक्स (पुन्हा एन्कोड न करता डबा बदलणं) करून भागणार नाही, पूर्ण एन्कोड.

'हाय १०' म्हणजे १० बिट. पिक्सेल फॉरमॅट ८ बिट ४:२:० असा सांगा, नाहीतर मेन प्रोफाइल मागितल्यावर एक्स२६४ एरर देऊन थांबेल. १९२०×८०४ म्हणजे जवळपास २.३९, ४८०×२०० होईल. ऑडिओत एएसी २ चॅनेल आयता आहे. तो एलसी आणि ४८ किलोहर्ट्झचा असेल तर तसाच कॉपी करा, नाहीतर एसी३ घेऊन मंद्रसप्तक म्हणतात तसं मिसळा. मात्र दोन्ही ट्रॅक एकाच भाषेतले आहेत ना ते ऐकून बघा, पुष्कळदा दुसरा ट्रॅक दिग्दर्शकाच्या टिप्पणीचा असतो. सबटायटल एक छापा, दोन्ही ट्रॅक वगळा.

'व्हेरिएबल' फ्रेम रेट सोडू नका. फोनवरच्या चित्रणातही हेच असतं. असा व्हिडिओ पीएसपीवर सुरू होतो, पण आवाज हळूहळू पुढे पळत जातो. फ्रेम रेट ठराविक करा. सिनेमा असेल तर २३.९७६, फोनचं चित्रण असेल तर २९.९७. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट'चं बटण आहे. ६० चा स्रोतही २९.९७ वरच आणा.

झाल्यावर नवी फाइल पुन्हा मीडियाइन्फोमध्ये टाका. कंटेनरपुढे 'सोनी पीएसपी', कोडेक आयडी 'एमएसएनव्ही', व्हिडिओ 'मेन, लेव्हल ३', रेफरन्स ३, ऑडिओ एलसी ४८ किलोहर्ट्झ. हे पाचही जुळले नाहीत तर कार्डावर कॉपी करण्यात वेळ घालवू नका.

टिचकी

हेच सगळं व्हिटासाठीही (पीएसपीनंतरचं सोनीचं यंत्र) चालेल का? आणि ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर वापरून वेळ वाचेल?

अडगळ

व्हिटाचा पडदा ९६०×५४४ आणि त्याचा डिकोडर हाय प्रोफाइल घेतो, त्यामुळे पीएसपीसाठी केलेली फाइल तिथे चालली तरी धूसर दिसेल. त्याच्यासाठी ९६०×५४४ ची वेगळी करा. फाइल नुसती ओढून टाकता येत नाही, कंटेंट मॅनेजरमधून पाठवावी लागते. स्टीम डेकसारख्या यंत्रांवर यातलं काहीच करायची गरज नाही.

ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर इथे नको. ४८०×२७२ ला साधा प्रोसेसरही भराभर उरकतो. वेळ खातो तो मोठ्या स्रोताचा डिकोड. हार्डवेअर डिकोड चालू करून एन्कोड एक्स२६४ कडेच ठेवा, म्हणजे रेफरन्स फ्रेम आणि बी-पिरॅमिड तुमच्या हातात राहतात.